एका सिंगलचे नऊ अवतार आणि एकदाच मिळणारे पैसे

परवा रात्री एका डान्स सिंगलचं, म्हणजे सुट्या काढलेल्या नाचाच्या गाण्याचं, अख्खं पॅकेज ऐकायला बसलो. मूळ गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, आणि त्याच्या खाली ओळीने नऊ ट्रॅक. एक्स्टेंडेड मिक्स, क्लब मिक्स, डब मिक्स, इन्स्ट्रुमेंटल, दोन वेगवेगळ्या लोकांनी केलेले दोन रिमिक्स (त्याच गाण्याचे सुटे भाग घेऊन केलेली नवी बांधणी), त्यातल्या एकाचं परत रेडिओ एडिट, एक संथ केलेलं आणि एक पळवलेलं. चौथ्या ट्रॅकला कोरस, म्हणजे गाण्याचं ध्रुवपद, पाठ झाला, सातव्याला त्याच कोरसचा राग यायला लागला, आणि शेवटचं ते चिपमंकच्या आवाजातलं पळवलेलं व्हर्जन मी पूर्ण ऐकलंच नाही, खोटं कशाला सांगू.

पण सहाव्या नंबरवर जो रिमिक्स होता तो मी त्या रात्री पाच वेळा ऐकला. त्या माणसाने काय केलं होतं, तर कोरसच काढून टाकला होता. ज्या कोरससाठी गाणं लिहिलं गेलं तोच गायब. गाणारीच्या पहिल्या ओळीतला फक्त एक शब्द उचललेला, तो दर दोन बारला, म्हणजे आठ ठोक्यांनी, एकदा येतो, कधी पूर्ण, कधी अर्धा, कधी नुसती त्याच्या घुमणाऱ्या आवाजाची (रिव्हर्बची) शेपटी, आणि खाली किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, आणि एक इतका खोल बेस की मी एकदा हेडफोन काढून बघितलं, शेजारी काही यंत्र-बिंत्र चालू आहे का. दीड मिनिट दुसरं काही नाही. आणि मग जेव्हा तो शब्द एकदाच मागच्या कॉर्डसकट पूर्ण वाजतो तेव्हा अंगावर काटा येतो, आणि मूळ गाण्यात हीच ओळ आपण कशी काय सहज सोडून दिली होती असं वाटतं.

त्या रिमिक्सरला यातून किती मिळालं असेल? करार मी बघितलेला नाही, पण या धंद्यातली रीत सगळ्यांना माहीत आहे. एकदाच पैसे, उक्त्या कामासारखे. फाइल पाठवली, बिल पाठवलं, विषय संपला. रिमिक्स पाचशे जणांनी ऐकला काय आणि पन्नास कोटी लोकांनी ऐकला काय, त्याच्या खात्यात फरक शून्य.

माझं म्हणणं सरळ आहे. ही उक्ती पद्धत बंद व्हायला पाहिजे आणि रिमिक्सरला त्याच्या रिमिक्सच्या कमाईत वाटा मिळायला पाहिजे. त्याच्यावर दया म्हणून नाही, तर आज एकेका सिंगलमागे जो नऊ-नऊ रिमिक्सचा ढीग येऊन पडतो ना, तो ढीगसुद्धा याच उक्त्या पद्धतीतून आलाय, म्हणून. लोक या दोन तक्रारी वेगवेगळ्या करतात. ऐकणारे म्हणतात किती रिमिक्स काढता रे, आणि प्रोड्यूसर म्हणतात आम्हाला काही मिळत नाही. दुखणं एकच आहे.

आधी थोडं मागे जाऊ, कारण उक्ती पद्धत आली तेव्हा ती मूर्खपणाची नव्हती.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू यॉर्कजवळच्या फायर आयलंडवर टॉम मोल्टन नावाच्या माणसाने नाचणाऱ्या लोकांकडे बघून एक साधी गोष्ट हेरली. गाणी तीन मिनिटांची, लोक जरा कुठे रंगात येतात तोवर गाणं संपतं, पुढचं सुरू होईपर्यंत फ्लोअरवरची लय मोडते आणि लोक उठून जातात. त्याने घरी बसून एक ४५ मिनिटांची टेप बनवली ज्यात गाणी एकमेकांत न तुटता मिसळत जातात, आणि त्याला त्यासाठी ८० तास लागले असं त्यानेच सांगितलंय. आज जे काम लॅपटॉपवर एका दुपारी होतं ते त्याने टेप हाताने जुळवत केलं. पुढे तो स्टुडिओत जाऊन गाणीच लांब करायला लागला, मधे गाणं थांबवून नुसता ताल ठेवायला लागला, आणि रेकॉर्डच्या लेबलवर ‘अ टॉम मोल्टन मिक्स’ असं छापून यायला लागलं.

बारा इंची सिंगल, म्हणजे एका गाण्याची मोठी तबकडी, सापडली तीही योगायोगानेच. मोल्टनला एक गाणं टेस्टसाठी कापून हवं होतं, नेहमीच्या सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून मास्टरिंग करणाऱ्याने, म्हणजे तबकडी कापणाऱ्या तंत्रज्ञाने, मोठ्या तबकडीवर कापून दिलं. जागा भरपूर असल्यामुळे खोबण्या पसरून कापता आल्या, आणि खोबण्या पसरल्या की आवाज मोठा मिळतो, बेस दणदणीत मिळतो. क्लबला तेच हवं होतं. १९७६ मध्ये सॅलसोल रेकॉर्ड्सने ‘टेन परसेंट’ हे गाणं वॉल्टर गिबन्स या डीजेच्या मिक्समध्ये बारा इंचीवर दुकानात विकायला ठेवलं. तीन मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांच्या वर गेलेलं. विक्रीला आलेली पहिली बारा इंची सिंगल म्हणून तिचंच नाव घेतात.

(जमैकात हे त्याच्या आधीच चालू होतं, किंग टबी वगैरे मंडळी गाण्यातून आवाज काढून नुसता बेस आणि ड्रम ठेवायची आणि त्याला सरळ ‘व्हर्जन’ म्हणायची. डब हा शब्द आजही रिमिक्सच्या यादीत दिसतो तो तिथला. तो वेगळा मोठा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.)

तर त्या काळात रिमिक्सरला उक्ते पैसे देणं का बरोबर होतं? कारण मोजता यायचं नाही. एका तबकडीवर एका बाजूला मूळ गाणं, दुसऱ्या बाजूला रिमिक्स. माणसाने तबकडी विकत घेतली. कुठल्या बाजूसाठी घेतली? त्यालाही सांगता आलं नसतं कदाचित. कंपनीला एक विक्री दिसायची, तिचे तुकडे करून हा वाटा याचा आणि तो त्याचा असं ठरवायला कुठलाच आधार नव्हता. मग सोपा मार्ग म्हणजे काम मोजा, दाम मोजा आणि राम राम. मला ते पटतं.

पण आता? आता प्रत्येक रेकॉर्डिंगला स्वतःचा आयएसआरसी नावाचा ओळख-क्रमांक असतो, बारा अक्षर-अंकांचा. मूळ गाण्याला एक, रिमिक्सला दुसरा, त्याच रिमिक्सच्या रेडिओ एडिटला तिसरा. स्ट्रीमिंगवर कुठला ट्रॅक कोणत्या देशात किती वेळा वाजला हे कंपनीच्या डॅशबोर्डवर दिसतं. स्पॉटिफायवर तीस सेकंद झाले की प्ले मोजला जातो. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची जी एकमेव खरी अडचण होती ती संपलीय, आणि तिच्यावर उभी असलेली पद्धत मात्र जशीच्या तशी चालू आहे. तबकडी गेली, करार तोच!

आता माझा स्वतःचा किस्सा. मी हौशी माणूस आहे, रात्री जेवणं झाली की लॅपटॉप उघडून बसणारा. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, एका सिंगलचा रिमिक्स करायला दिला. झिप फाइल आली, त्यात २३ स्टेम्स, म्हणजे गाण्याचे सुटे-सुटे थर. किक वेगळी, बेस वेगळा, सिंथचे सहा, आणि आवाजाचे पाच. मी सगळ्यात आधी मुख्य आवाजाची कोरडी फाइल लावली, कुठलाही इफेक्ट नसलेली. रात्री साडेअकराला एका अनोळखी बाईचा उघडा आवाज कानात, मागे काहीच नाही. दुसऱ्या कडव्याच्या आधी ती श्वास घेते तो ऐकू येतो, आणि एका ठिकाणी खुर्ची करकरते. मूळ गाण्यात ते सगळं सिंथखाली गाडलं गेलं होतं.

गाणं ९८ बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला ९८ ठोक्यांचं होतं आणि मला ते १२२ वर न्यायचं होतं. आवाज जवळजवळ पाव पट पळवायचा म्हणजे ‘स’ फाटतो, शब्दांची शेपटं तुटतात, माणूस घाईत ट्रेन पकडायला निघाल्यासारखा गातो. सॉफ्टवेअरने होईना म्हणून मी ओळी कापल्या, शब्द सुटे केले आणि एकेक शब्द हाताने बीटवर ठेवला, दोन शब्दांच्या मधली हवा कमी केली पण शब्द शक्यतो त्याच्या मूळ चालीतच ठेवला. अकरा रात्री गेल्या. आणि तिचा तो श्वास मी कापून दर चौथ्या बीटनंतर हाय-हॅटच्या (ड्रमच्या झांजेच्या) जागी वापरला. ती माझी एकमेव हुशारी, पण ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनी तेवढंच विचारलं, ते मधे काय वाजतं रे?

मग करार आला. तीन पानी. त्यात लिहिलं होतं की या रेकॉर्डिंगवरचे सगळे हक्क कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात कंपनीचे राहतील. विश्वात. म्हणजे उद्या मंगळावर कोणी पार्टी केली तरी माझा संबंध नाही. सही केली मी, सगळेच करतात. पुढे माझा रिमिक्स मूळ गाण्याच्या तिप्पट वाजला, आकडे काही लाखांचे डोंगर नव्हते, पण तिप्पट म्हणजे तिप्पट. त्या तिप्पटीतून मला एक छदाम मिळाला नाही. करारात तसंच होतं, फसवलं कोणी नाही. त्यामुळेच जास्त बोचतं.

आता मोठी उदाहरणं घ्या, म्हणजे हे फक्त माझं रडगाणं वाटणार नाही. एव्हरीथिंग बट द गर्ल या जोडीचं ‘मिसिंग’ १९९४ ला आलं, शांत, उदास गाणं, फारसं कोणी विचारलं नाही. मग न्यू यॉर्कच्या टॉड टेरीने त्यावर हाऊस या क्लबमधल्या संगीताचा ताल चढवला, आणि १९९५-९६ मध्ये तेच गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या आणि अमेरिकेत दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं. गाणं तेच, आवाज तोच, शब्द तेच. खालची जमीन बदलली. आणि त्या जोडीचा पुढचा अल्बमच इलेक्ट्रॉनिक वळणाचा निघाला, म्हणजे रिमिक्सने मूळ कलाकारांनाच नवा रस्ता दिला.

टोरी एमॉस या गायिकेचं ‘प्रोफेशनल विडो’ तर त्याहून टोकाचं. मूळ गाणं हार्पसिकॉर्डवरचं, रागीट, नाचाशी दूरचाही संबंध नाही. अर्मंड व्हॅन हेल्डन या डीजेने त्यातले आवाजाचे एकदोन तुकडे ठेवले आणि बाकी सगळं फेकून स्वतःची बेसलाइन लिहिली. १९९७ च्या जानेवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर. आता सांगा, लोक नाचले ते कशावर? आणि गीतकार-संगीतकार म्हणून नाव कोणाचं? एमॉसचंच.

आणि आपल्या लोकांना जवळचं वाटेल असं, कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, आशा भोसल्यांवरचं गाणं. १९९७ ला आलं तेव्हा ब्रिटनच्या चार्टवर साठाव्या नंबरपर्यंत पोचलं आणि थांबलं. नॉर्मन कुक म्हणजेच फॅटबॉय स्लिमने त्याचा वेग वाढवला, ड्रम जाड केले, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत तेच गाणं पहिल्या नंबरवर. साठावरून एकवर. आजही बहुतेक लोकांना जे ‘मूळ गाणं’ म्हणून आठवतं ते खरं तर रिमिक्स असतं.

अगदी अलीकडचं म्हणजे इमानबेक. कझाकस्तानातल्या अक्सू नावाच्या छोट्या गावातला पोरगा, रेल्वेत नोकरी करणारा, एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर घरी बसून काम करणारा. सेंट जॉन या गायकाचं ‘रोझेस’ २०१६ चं गाणं, इमानबेकने २०१९ मध्ये त्यातल्या आवाजाची पट्टी वर चढवली, वेग वाढवला, खाली तो उड्या मारणारा बेस टाकला, परवानगी-बिरवानगी न घेता. २०२० च्या मार्चमध्ये गाणं ब्रिटनमध्ये पहिलं, आणि २०२१ ला त्याच रिमिक्ससाठी पोराला ग्रॅमी. मूळ गाणं तीन-चार वर्षं धूळ खात पडलं होतं, हे लक्षात ठेवा.

ग्रॅमीचा उल्लेख मुद्दाम केला. १९९८ पासून रिमिक्सला तिथे वेगळा पुरस्कार आहे, पहिला मिळाला फ्रँकी नकल्सला, आणि तो पुरस्कार रिमिक्सरच्या हातात देतात, मूळ गायकाच्या नाही. म्हणजे मान देताना सगळ्यांना कळतं की हे काम कोणाचं आहे. पैसे देताना मात्र एकदम विसर पडतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आता दुसरी बाजू, कारण ती अगदीच पोकळ नाही. गाणी लिहिणारे लोक म्हणतात, बाबा रे, चाल आमची, शब्द आमचे, आवाज आमचा, आणि हा आयत्या पिठावर रेघोट्या मारणारा आला आणि वाटा मागतोय? आज रिमिक्सरला दिलं तर उद्या मिक्सिंगवाला मागेल, परवा मास्टरिंगवाला. ही भीती मला समजते. म्हणूनच मी गाण्याच्या हक्कात, म्हणजे चाल आणि शब्दांच्या हक्कात, वाटा मागत नाहीये. तो लिहिणाऱ्याचाच. व्हॅन हेल्डनसारखं कोणी नवी बेसलाइनच लिहिली तर तिथे वेगळी चर्चा करावी, पण नियम म्हणून नको. मी बोलतोय ते रेकॉर्डिंगच्या कमाईबद्दल, आणि तेही फक्त त्या रिमिक्सच्या स्वतःच्या क्रमांकावर जेवढं येतं तेवढ्यातलं. मूळ गाण्याच्या ताटाला हात लागत नाही.

आणि यात जगावेगळं काही नाही. रेकॉर्ड प्रोड्यूसरला साधारण तीन ते पाच टक्के रॉयल्टी देण्याची पद्धत धंद्यात कधीची आहे. पॉइंट्स म्हणतात त्याला. मग जो माणूस जुनं गाणं पायापासून उकरून नव्याने उभं करतो तो प्रोड्यूसर नाही तर कोण आहे? रंगारी? मोठ्या नावाच्या रिमिक्सरना हे पॉइंट्स मिळतातही, ते भांडून घेतात. ज्याला भांडता येत नाही त्याला उक्तं.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा, आणि तो जास्त खरा आहे. ते म्हणतात, दहा रिमिक्समधले नऊ पडतात, त्याची फी आम्ही भरतो, धोका आमचा. रिमिक्सर पैसे घेऊन मोकळा होतो, गाणं चालो न चालो. बरोबर आहे. म्हणून म्हणतो, फी कापून घ्या की! फी म्हणजे आगाऊ रक्कम धरा, रिमिक्सच्या कमाईतून ती आधी वसूल करा, आणि वसूल झाल्यावर जे येईल त्यात वाटा द्या. पडला तर नुकसान तुमचं आजच्याइतकंच. चालला तर दोघांचं पोट भरेल. यात कंपनीचं काय जातं मला खरंच कळत नाही, हिशेब ठेवायचा कंटाळा सोडला तर.

आणि इथेच तो ढिगाचा मुद्दा येतो.

बघा, आज कंपनी नऊ ट्रॅक का काढते? कारण प्रत्येक ट्रॅक म्हणजे प्लेलिस्टमध्ये शिरायचा एक वेगळा दरवाजा आहे. डीप हाऊसवाल्यांच्या यादीत एक, जिमच्या यादीत एक, झोपेच्या यादीत तो संथ केलेला. चार्टवर बऱ्याच ठिकाणी मूळ गाणं आणि त्याचे रिमिक्स यांचे आकडे एकत्र धरले जातात, त्यामुळे कुठूनही पाणी आलं तरी विहीर एकच भरते. हे नवीन नाही म्हणा, १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये एकाच सिंगलच्या सीडी वन आणि सीडी टू निघायच्या, दोन्हीवर वेगवेगळे रिमिक्स, म्हणजे वेड्या चाहत्याने दोन्ही घ्याव्यात. आणि नियमात बसून माणूस काय करू शकतो याचा कळस म्हणजे द ऑर्ब या ब्रिटिश बँडचं ‘ब्लू रूम’. १९९२ मध्ये तिथल्या चार्टचा नियम होता की सिंगल ४० मिनिटांपर्यंतच असली पाहिजे, यांनी ३९ मिनिटं ५७ सेकंदांची काढली आणि ती आठव्या नंबरवर गेली. ती बदमाशी मला आवडते, कारण त्यात निदान गंमत होती.

आजच्या ढिगात गंमत नाही, नुसतं अंकगणित आहे. रिमिक्स हा कंपनीसाठी लॉटरीचं तिकीट झालाय, आणि तिकीट स्वस्त आहे कारण लागलं तर बक्षीस तिकीट विकणाऱ्याबरोबर वाटायचं नाही. मग माणूस एकच तिकीट कशाला घेईल, नऊ घेईल. जर प्रत्येक रिमिक्सबरोबर पुढची पंधरा-वीस वर्षं वाटा देण्याची, दर सहा महिन्यांनी हिशेब पाठवण्याची जबाबदारी आली तर कंपनी दहादा विचार करेल, दोनच लोकांना देईल, आणि ज्यांना देईल त्यांना तीन दिवसांऐवजी तीन आठवडे देईल. रिमिक्सरही पाट्या टाकणार नाही. आत्ता तो तरी काय करतो? शुक्रवारी स्टेम्स आले, सोमवारी द्यायचंय, पैसे ठरलेले आहेत, मग त्याच्याकडे असलेला तयार साचा उघडतो, तीच किक, तोच बिल्डअप, तोच आठ बारचा सुरसुर आवाज आणि मग ड्रॉप, म्हणजे ताल दणक्यात परत येतो ती जागा, वरती आवाज चिकटवला की झालं. नऊतले सात सारखे वाटतात ते उगीच नाही. ऐफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने २००३ मध्ये आपल्या जुन्या रिमिक्सचा संग्रह काढला तेव्हा त्याचं नावच ‘ट्वेंटी सिक्स मिक्सेस फॉर कॅश’ ठेवलं होतं. रोख घ्या, काम द्या. निदान तो प्रामाणिक होता.

रिमिक्स स्पर्धांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. रेडिओहेडने २००८ मध्ये ‘न्यूड’चे पाच थर आयट्यून्सवर सुटे विकत ठेवले आणि चाहत्यांना म्हटलं करा रिमिक्स. म्हणजे काम चाहत्याचं, आणि त्या कामाचा कच्चा मालसुद्धा त्यानेच विकत घ्यायचा. लोकांनी आनंदाने केलं, कारण आवडीचा बँड, आणि तो आनंद खोटा नव्हता. पण बऱ्याच स्पर्धांच्या अटी वाचल्यात मी, हरलेल्या एंट्रीचे हक्कही आयोजकाकडे. शंभर पोरं रात्री जागतात, एक जिंकतो, उरलेल्या नव्व्याण्णव फाइली कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर मालकीहक्कासह पडून राहतात.

एक गोष्ट मात्र रिमिक्सवाल्यांनाही सांगायला हवी, माझ्यासकट. प्रत्येक कारागिरी म्हणजे रिमिक्स नाही. मूळ प्रोड्यूसरनेच पुढे-मागे बत्तीस-बत्तीस बार किक लावून डीजेला जोडायला सोपं केलेलं एक्स्टेंडेड मिक्स म्हणजे उपयोगाची वस्तू आहे, पण त्यात नवा वाटेकरी कोणी नाही. गाणं सव्वा पटीने पळवून ‘स्पीड अप’ म्हणून टाकणं याला तर एक बटण लागतं, त्यात वाटा मागणाऱ्याला मी स्वतः हसेन. वाटा त्याला, ज्याने गाण्याची बांधणी बदलली. ही रेघ कुठे मारायची यावर भांडणं होतील, होऊ देत, रॉयल्टीच्या प्रत्येक नियमावर भांडणं झालीच आहेत आणि तरी ते चाललेत.

आणि मूळ गाणाऱ्याचाही एक हक्क यात आणायला पाहिजे जो आज नसल्यासारखाच आहे, रिमिक्सला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क. माइक पोझनरचं ‘आय टूक अ पिल इन इबिझा’ हे गिटारवरचं खिन्न गाणं, प्रसिद्धीला कंटाळलेल्या माणसाचं. सीब या नॉर्वेजियन मंडळींनी त्याचा रिमिक्स केला आणि २०१६ मध्ये जगभरच्या क्लबांत लोक हात वर करून त्याच दुःखावर उड्या मारत होते. मला तो रिमिक्स आवडतो, वाजला की पाय हलतो माझाही. पण दुसऱ्या एखाद्या गायकाला हे नको असेल तर? आज त्याच्या आवाजाची फाइल कंपनीच्या ताब्यात असते आणि नवख्याला कोणी विचारत नाही. रिमिक्सर आणि गायक हे एकमेकांचे शत्रू असल्यासारखं जे चित्र रंगवतात ते मला म्हणूनच पटत नाही, दोघांच्याही सहीचा करार तिसऱ्याच टेबलावर लिहिलेला असतो.

गेल्या आठवड्यात त्याच छोट्या लेबलचा परत मेल आला. नवीन सिंगल आहे, तुझा मागचा रिमिक्स छान चालला, पुन्हा करशील का, फी मागच्याइतकीच. मी लिहिलं, करतो, फी थोडी कमी द्या हवं तर, पण ती वसूल झाली की पुढच्या कमाईत तीन टक्के लिहा. दोनच ओळी लिहिल्या, पण पाठवायच्या आधी चार वेळा वाचल्या, जणू काही उसने पैसे मागतोय. त्यावर अजून उत्तर नाही. स्टेम्सची लिंक मात्र दुसऱ्या दिवशी आली, सात दिवसांत बंद होणारी, आणि मी ती डाउनलोड केलीय. याही गाणारीचा श्वास ऐकू येतो, पहिल्या ओळीच्या अगदी आधी.